मिगवरचं तिरंगी चिन्ह

दोस्तांनो, मिग-२१ चं किट जोडून झालं? लगेच ब्रश उचलू नका! आधी साबणाच्या पाण्यानं हलकेच धुवा. बोटांचं तेल राहिलं की रंग नीट धरत नाही. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, १:७२ च्या मॉडेलचे जेमतेम १० सेंटिमीटर. म्हणून रंग पातळच हवा, नाहीतर पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेघा बुजतात. आणि खिडकी उघडी ठेवा. थिनरच्या वासावरून आई रागावते, ते बरोबरच आहे.

खरी परीक्षा पुढेच. हवाई दलाचं गोल चिन्ह (बाहेर हिरवं, मग पांढरं, मधोमध केशरी) पाण्यात भिजवून चिकटवायचं असतं, आणि खोक्यात ही चिन्हं मोजकीच येतात. मॅट रंग दिसतो गुळगुळीत, पण असतो खडबडीत. त्या खाचांत हवा अडकते आणि चिन्हाभोवतीचा पारदर्शक पापुद्रा पांढुरका चमकतो. मग कसलं लढाऊ विमान! म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा एक हात द्या, रात्रभर वाळू द्या, मगच चिन्ह लावा. सगळ्यांत शेवटी मॅट व्हार्निश.

आपल्याकडे १९६३ साली आलेली मिग-२१ विमानं २०२५ मध्ये निवृत्त झाली. सुरुवातीची मिग चंदेरी, उघड्या धातूची होती. तसं करणार असाल तर शेवटचा मॅट हात नको बरं का, ते चकाकलंच पाहिजे!