आघातग्रस्त मुले
आघातग्रस्त मुले : युद्ध, दंगल, भूकंप, अपहरण, लैंगिक अत्याचार, घरातील मारहाण यांसारख्या जीवित धोक्यात आणणाऱ्या घटना ज्यांनी स्वतः सोसल्या किंवा डोळ्यांदेखत घडताना पाहिल्या, अशा मुलामुलींना ही संज्ञा लावतात. मूल लहान आहे, ते लवकर विसरेल, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु तिला शास्त्रीय आधार नाही. आघाताची स्मृती मुलाच्या बोलण्यात दिसली नाही, तरी ती त्याच्या खेळात, झोपेत व भीतीत दिसते.

या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासास दुसऱ्या महायुद्धात चालना मिळाली. सप्टेंबर १९३९ च्या आरंभी, बाँबहल्ल्यांच्या धास्तीने, ब्रिटनमधील मोठ्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक ग्रामीण भागांत हलविण्यात आले. त्यांत ८ लाखांहून अधिक शाळकरी मुले होती. पुढे ॲना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगॅम यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे युद्धग्रस्त मुलांसाठी निवासी बालगृहे चालविली (१९४१–४५). तेथील नोंदींतून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला : आईच्या कुशीत राहून बाँबवर्षाव अनुभवलेली लहान मुले पुष्कळदा सावरली, सुरक्षित ठिकाणी, पण आईवाचून पाठविलेली मुले मात्र अधिक खचली. आई शांत राहिली, तर मूलही बरेचसे शांत राही; आईचा थरकाप झाला, तर तो मुलात उतरे.

या बालगृहांतील चार वर्षांच्या एका मुलाची हकीकत उद्‍बोधक आहे. त्याचे वडील हवाई हल्ल्यात ठार झाले होते व आई रुग्णालयात होती. तो कागदाची घरे मांडी व त्यांवर गोट्यांचे बाँब टाकी. इतर मुलेही असे खेळत. परंतु याच्या खेळात सर्व माणसे वेळीच वाचत आणि प्रत्येक घर पुन्हा उभे राही. वडिलांचा मृत्यू त्याने कबूलच केला नव्हता, म्हणून खेळ संपत नव्हता. कित्येक महिन्यांनी वडील परत येणार नाहीत, हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले आणि खेळ थांबला. मुलाच्या अशा खेळास चाळा समजून दटावणे हा वडीलधाऱ्यांचा सर्वांत नेहमीचा प्रमाद होय.

याच बालगृहांत आरंभी मुलांची विभागणी वयानुसार केली होती. नंतर चार-पाच मुलांमागे एक परिचारिका, अशी कृत्रिम कुटुंबे करण्यात आली. पहिला परिणाम रडारड व मत्सर हा होता; थोड्याच काळात मात्र मुलांचे बोलणे, सवयी आणि जिव्हाळा यांत लक्षणीय प्रगती झाली. कोणीतरी एक माणूस आपले असणे, ही गरज आहार-निवाऱ्याइतकीच मूलभूत ठरली.

महाराष्ट्रातही त्या काळाचा एक दाखला आहे. सोव्हिएट संघात हद्दपार झालेले पोलिश निर्वासित इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३–४८ या काळात सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती; त्यांत मुले व स्त्रियाच बहुसंख्य. मातृभाषेतील शाळा, चर्च, बालवीर पथके आणि रोजचा ठरावीक दिनक्रम ही तेथील वैशिष्ट्ये होती. मानसोपचार हा शब्द कोणी उच्चारला नसेल. परंतु आजची मार्गदर्शक तत्त्वे नेमकी हीच व्यवस्था सुचवितात.

मोठ्या मुलांत आघात वेगळ्या रीतीने प्रकटतो. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण करून त्यांना जमिनीत पुरलेल्या मालवाहू गाडीत कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी सर्व जण सुटले. लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला. चार वर्षांनंतरही मुलांत आघाताच्या खुणा होत्या. आपण फार जगणार नाही, अशी त्यांची धारणा झालेली होती. अपहरणापूर्वीच्या क्षुल्लक घटनांना ती पूर्वसूचना मानीत व आपण ती ओळखली नाही म्हणून स्वतःस दोष देत. किशोरवयीन मुलांत चिडखोरपणा, अभ्यासातील घसरण, व्यसन वा आत्मघाताचे विचार दिसू शकतात. शाळेत त्यांची गणना बेशिस्तीत होते आणि शिक्षा मिळते. अगदी लहान मुले अंथरूण ओले करणे, बोबडे बोलणे अशा मागील अवस्थेकडे जातात.

साहाय्याचा क्रम साधा आहे : प्रथम सुरक्षितता व आप्तांची भेट, नंतर शाळा, खेळ व झोप यांची घडी, मुलाने विचारलेल्या प्रश्नास खरे, वयानुरूप उत्तर. मृत्यूविषयी ‘गावाला गेले’ असे सांगणे टाळावे. घटना घडताच एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने त्याज्य मानली आहे. ऐकावे, पण उकरू नये. लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तज्ज्ञाकडे न्यावे. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार हा सर्वाधिक पडताळलेला उपचार असून त्यात पालकांचाही सहभाग असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनाथ मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले. सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची सोय पुण्यात झाली. हे कार्य मोलाचे आहे. तथापि मुलास गावापासून दूर नेताना भावंडांची ताटातूट होणार नाही व उरलेल्या नातलगांशी येणेजाणे राहील, हे पाहणे हॅम्पस्टेडच्या अनुभवावरून अत्यावश्यक ठरते.

घरातील हिंसेत प्रश्न अधिक बिकट असतो, कारण जेथून आधार मिळावा तेथूनच धोका असतो. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनिसेवा अशा मुलांसाठी आहे. २०२३ पासून ती शासनामार्फत चालते. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. मुलास वारंवार न्यायालयात बोलावता येत नाही आणि साक्षीच्या वेळी ते आरोपीसमोर येणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. साक्ष तीस दिवसांत नोंदविण्याची तरतूद मात्र प्रत्यक्षात पुष्कळदा पाळली जात नाही, आणि सावरू लागलेल्या मुलास तीच घटना वर्षादोन वर्षांनी पुन्हा सांगावी लागते.