एकादशी, दुप्पट खाशी आणि उरातली जळजळ (ताटावरून उठल्यावर : लेखांक ६)

येत्या आठवड्यात आषाढी. घरोघरी साबुदाणा एव्हाना आला असेल. गेल्या लेखांकात वालाच्या उसळीने पोट का फुगतं ते पाहिलं. आज फुगणं बाजूला ठेवू आणि जळजळीकडे वळू.

आमच्या आत्याचा उपवास असा असायचा. सकाळी नुसता चहा. दहाला पुन्हा चहा. बाराला खिचडी : साबुदाण्याच्या बरोबरीने दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची आणि सढळ हाताने तूप. सोबत दही आणि तळलेले बटाट्याचे पापड. मग "जरा पडते रे" म्हणून आडवी व्हायची, ती तीनच्या सुमारास ऊर चोळत उठायची. "उपाशी राहिलं की मला पित्त होतं," हे तिचं निदान. तू उपाशी राहिलीस कधी, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

'पित्त' हा शब्द मराठीत फार राबवला जातो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त. शरीरशास्त्रातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतो. उरात जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. आणि ते 'जास्त झालं' म्हणूनच जळतं असंही नाही. चांगल्या पोटातही ते तितकंच जहाल असतं. जठराचं अस्तर ते सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही. त्यामुळे आम्ल किती, यापेक्षा ते वर कसं आलं, हा प्रश्न महत्त्वाचा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास गिळला की ते उघडतं, एरवी मिटलेलं असतं. पण पोटातली हवा ढेकरेवाटे सोडायला ते अधूनमधून आपणहून सैल पडतं, आणि जठर जितकं ताणलेलं तितक्या जास्त वेळा. रिकामं जठर मुठीएवढं, भरलं की लिटर-दीड लिटर मावेल एवढं फुगतं. सकाळभर काही न खाता बाराला दोन वेळचं एकदम खाल्लं की हे कडं किती वेळा सैल पडेल, ते तुम्हीच बघा.

त्यात भर स्निग्धतेची. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं, वर तूप आणि तळण. स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोचायला लागलं की तिथून एक संप्रेरक सुटतं. ते जठराला सांगतं, 'सावकाश, पुढचं इतक्यात पाठवू नकोस.' त्याच संप्रेरकाने वरचं कडंही ढिलं पडतं. म्हणजे माल आत तुंबलेला आणि दार किलकिलं. साबुदाणा बिचारा उगाच बदनाम. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. खरा जडपणा कुटाचा, तुपाचा आणि ताट भरून घेण्याचा.

तेलातुपाचं जेवण पोटात रेंगाळतं, हे एका माणसाच्या पोटात अक्षरशः डोकावून पाहिलेलं आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडायचा आणि किती विरघळले ते बाहेर काढून बघायचा. १८३३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. तेलकट पदार्थ पचायला जड, हे त्यात आहेच. माणूस चिडला की पचन बिघडतं, हेही त्याने टिपलं. बिचारा सेंट मार्टिन या प्रयोगांवर चिडत असणार, हे वेगळं सांगायला नको.

आता 'जरा पडते' याकडे येऊ. उभं असताना आम्ल आपोआप खाली राहतं. आडवं झालं की तो आधार जातो. म्हणून जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नये. बसा, नाहीतर रमतगमत शतपावली करा. पडायचंच असेल तर वामकुक्षी घ्या, पण शब्दाला जागून. वाम म्हणजे डावी. डाव्या कुशीवर जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो आणि आम्ल तिथेच साचतं. उजव्या कुशीवर उलटं होतं, ते तोंडच आम्लात बुडतं. रात्री जळजळ होत असेल तर पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर सहा-आठ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

गोळीचंही तेच, वेळ चुकते. पॅन्टोप्राझोलसारखी औषधं जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, आणि हे पंप जेवताना जागे होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. आत्या जळायला लागल्यावर घ्यायची, म्हणजे वरातीमागून घोडं. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेणंही बरं नव्हे. खायच्या सोड्याने लगेच बरं वाटतं, पण त्यातून वायू सुटून पोट आणखी ताणतं, आणि त्यातलं सोडियम रक्तदाबवाल्यांना नको.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, यातलं काहीही असलं तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टर गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दम लागला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर पित्त समजून ताक पीत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं. थेट दवाखाना गाठा.

आत्या उजव्या कुशीवर का झोपायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. टीव्ही त्या बाजूला होता. मग आम्ही दिवाणच फिरवून ठेवला. दुपार बरी जाते म्हणते. कूट निम्मं करायला मात्र अजून तयार नाही.