सांधेदुखीवरील घरगुती उपचार : परंपरा, मर्यादा आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
कोल्हापूरची ओळख कुस्तीपंढरी अशी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाइतकीच येथील पेठापेठांतील तालमींची परंपराही महत्त्वाची आहे. तालमीच्या हौद्यातील लाल मातीत हळद, ताक, तेल व लिंबू मिसळले जाते आणि मेहनतीनंतर अंगाला मालिश केली जाते. मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा लेप, गुडघ्यावर निरगुडीच्या पाल्याचा शेक, कंबरेत उसण भरल्यास गरम वाळूची पुरचुंडी हे उपचार तालमीतून घरात आले की घरातून तालमीत गेले, हे सांगणे अवघड आहे. मात्र पैलवानाची दुखापत ही बहुधा विशीतील निरोगी शरीराची आणि कारण ठाऊक असलेली दुखापत असते. तोच उपचार साठीतील मधुमेही व्यक्तीच्या गुडघ्यावर केला जातो, तेव्हा दुखण्याचे कारणही निराळे असते आणि शरीरही निराळे असते. घरगुती उपचारांच्या सुरक्षिततेचा विचार या फरकापासून सुरू करावा लागतो.

बाह्य उपचार :
शेकाने त्या भागातील रक्ताभिसरण वाढते, आखडलेले स्नायू सैल होतात व वेदना कमी जाणवते. झिजेमुळे सकाळी जखडणाऱ्या गुडघ्यास हा उपचार योग्यच आहे. परंतु नुकत्याच मुरगळलेल्या घोट्यावर पहिले दोन दिवस शेक वा मालिश केल्यास सूज वाढू शकते. तेथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ व विश्रांती अधिक उपयुक्त ठरते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असते. अशा व्यक्तीला चटका बसल्याचे कळत नाही आणि साध्या शेकातून उद्भवलेली जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यामुळे पुरचुंडीची उष्णता घरातील दुसऱ्या व्यक्तीने हाताने तपासावी आणि शेक पंधरा-वीस मिनिटांपुरता ठेवावा. केवळ एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असल्यास मालिश मुळीच करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते.

वनस्पतींच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ या शब्दाने मोठीच दिशाभूल केली आहे. तेल लावून गरम केलेले रुईचे पान गुडघ्यावर बांधण्याची चाल जुनी आहे, पण त्याचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई-१ मध्ये रुई व बिब्बा ही दोन्ही द्रव्ये विषारी गटात नोंदलेली आहेत. ती असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापणे बंधनकारक आहे. परसातील रुईवर असा इशारा अर्थातच नसतो. (मिरचीतील दाह निर्माण करणारा कॅप्सेसिन हा घटक गुडघेदुखीच्या मलमात मोजून वापरतात, म्हणून कोल्हापुरी तिखटाचा लेप करण्याचे धाडस कोणी करू नये!) विंटरग्रीनचे तेल तर मुलांच्या हाती लागणार नाही असेच ठेवावे. एक चहाचा चमचा तेल पोटात जाणे हे सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिन घेण्यासारखे असते.

पोटात घ्यावयाची द्रव्ये :
भाजीतील हळद, मेथीचे लाडू, सुंठीचा चहा यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो अर्क, काढे व कॅप्सूल दीर्घकाळ घेतल्यास. सांधेदुखीसह अनेक तक्रारींवर घेतल्या जाणाऱ्या गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही व वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नव्हती असा आक्षेप घेतला. हा आक्षेप खरा मानला तरी सामान्य माणसाची अडचण सुटत नाही, कारण आणलेली वेल नेमकी कोणती हे त्यालाही ओळखता येत नाही. रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी हळदीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरगुती उपचार थांबवण्याची वेळ :
सांधा लाल, गरम व सुजलेला असणे आणि सोबत ताप असणे हे सांध्यात पू झाल्याचे लक्षण असू शकते. तेथे लेप लावून दोन दिवस वाट पाहण्यात कूर्चा कायमची नष्ट होते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजून सकाळी तासभर आखडलेले राहत असल्यास आमवाताची तपासणी करावी. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसल्यास हाडवैद्याकडे पाय ओढून घेण्यापूर्वी एक्स-रे काढावा.

सर्वाधिक धोका मात्र घरी न बनलेल्या ‘घरगुती’ औषधाचा आहे. नाव-गाव नसलेल्या पुड्यांमधील भुकटीने दोन दिवसांत चालता येऊ लागले, तर आनंद मानण्यापूर्वी शंका घ्यावी. अशा भुकटीत स्टेरॉइडची भेसळ आढळते. त्याने वेदना झपाट्याने शमते, पण काही काळाने चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. शिवाय शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असल्याने भुकटी एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते. म्हणून बराच काळ अशी पुडी घेतलेल्या व्यक्तीने ती परस्पर न थांबवता, उरलेली भुकटी कागदासह घेऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.