सात इंच अर्धा सूत

जिन्याच्या प्रत्येक पायरीला दोन बाजू असतात : पाऊल टेकण्याची आडवी बाजू, जिला बांधकामाच्या बोलीत ट्रेड म्हणतात, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना पाय जेवढा उचलावा लागतो तेवढी उभी बाजू, म्हणजे रायझर. ट्रेड थोडा कमीअधिक झाला तर तो सहसा खपून जातो. रायझरचे तसे नाही, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्या चढताच शरीर उंचीचा अंदाज बांधते आणि पुढचे प्रत्येक पाऊल त्या अंदाजाच्या भरवशावर, खाली न पाहता पडते. त्यामुळे रायझर किती उंच असावा यापेक्षाही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या नियमसंचाने एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या रायझरमधील फरकावर ३/८ इंचाची, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणणाऱ्या गवंड्याच्या मापात ती तीन सूत भरते.

पंढरपूर तालुक्यातील करकंब आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हा माळवदाच्या घरांचा मुलूख. जुन्या वाड्यांत जिना बहुधा जाड भिंतीच्या पोटात बसवलेला, अरुंद आणि उभ्या चढाचा असे, आणि त्याचे माप उपलब्ध जागा व हाताशी असलेला दगड ठरवीत असे. आता सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबची घरे उभी राहतात आणि नकाशा संगणकावर निघतो. इमारतीचे त्रिमितीय प्रतिरूप तयार करणारी रेव्हिट ही प्रणाली २००० साली बाजारात आली आणि २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली. तिच्यात जिना काढायचा म्हणजे रेघा ओढायच्या नसतात, तर काही अटी घालून द्यायच्या असतात. रायझरची कमाल उंची, ट्रेडची किमान रुंदी, जिना कोणत्या पातळीवर सुरू होतो आणि कोणत्या पातळीवर संपतो, एवढे सांगितले की पायऱ्यांची संख्या प्रणाली स्वतः काढते.

या अटी कुठून येतात, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात माणसाच्या चालीवरून असा नियम मांडला की रायझरची दुप्पट आणि ट्रेड यांची बेरीज एका पावलाच्या अंतराइतकी असावी. आज ही बेरीज साधारण ६०० ते ६५० मिलिमीटर धरली जाते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर व ट्रेड कमीत कमी २५० मिलिमीटर, तर इतर इमारतींसाठी हेच आकडे अनुक्रमे १५० आणि ३०० मिलिमीटर आहेत.

आता गावाकडे सर्रास आढळणारी दहा फुटांची मजल्याची उंची घ्यावी. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. तिला १९० ने भागले की १६.०४ येतात. सोळा पायऱ्या केल्या तर प्रत्येक रायझर १९०.५ मिलिमीटर होतो, म्हणजे मर्यादा अर्ध्या मिलिमीटरने ओलांडली जाते, आणि दिलेली अट शब्दशः पाळणारी प्रणाली सतरावा रायझर घालते. मग प्रत्येकाची उंची १७९.३ मिलिमीटर ठरते. वापरणाऱ्याने सतराऐवजी अठरा मागितले तर ती तक्रार करीत नाही, सोळा मागितले तर इशारा देते. ब्लाँदेलची बेरीज येथे सुमारे ६०९ येते, म्हणजे चाल सुखाची आहे. शाळेसाठी किंवा वारीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांनी भरून जाणाऱ्या धर्मशाळेसाठी १५० ची मर्यादा घातली तर त्याच उंचीला एकवीस रायझर लागतात. सरळ जिन्यात ट्रेड रायझरपेक्षा एकाने कमी असतो, कारण शेवटच्या रायझरवर वरच्या मजल्याची फरशीच येते. म्हणून घराच्या जिन्याला लांबीत चार मीटर जागा पुरते, धर्मशाळेच्या जिन्याला सहा मीटर लागते. गुडघ्यांना मिळणारा आराम असा जागेच्या रूपाने मोजावा लागतो आणि तो मोजणे योग्यच आहे.

हा शेवटचा ट्रेड धरायचा की नाही, यावर वास्तुशास्त्रानुसार पायऱ्या विषम असाव्यात हा लोकांचा आग्रह येऊन आदळतो. रायझर मोजले तर वरच्या घरात सतरा पायऱ्या आहेत, ट्रेड मोजले तर सोळा. रेव्हिटमध्ये जिना रायझरने संपवायचा की नाही याची स्वतंत्र सोय आहे, आणि ती बदलली की वरच्या मजल्याच्या पातळीत एक ट्रेड वाढतो. घरमालक काय मोजतो हे विचारल्याशिवाय ही खूण करू नये, कारण जिना ओतल्यावर हा वाद मिटत नाही.

खरी अडचण आकडा नकाशावरून गवंड्याच्या हाती येताना सुरू होते. १७९.३ मिलिमीटर म्हणजे सात इंचांहून किंचित अधिक. टेप धरणारा ते सात इंचच धरतो. सतरा साते एकशे एकोणीस, आणि दहा फुटांचे इंच एकशे वीस. उरलेला एक इंच शेवटच्या पायरीत जातो आणि ती आठ इंचांची होते. प्रत्येक पायरी सात इंच अर्धा सूत धरली, तर तो इंच सतरा ठिकाणी जवळजवळ नेमका वाटला जातो.

याहून मोठी चूक फरशीची आहे. प्रणालीत मजल्याची पातळी बहुधा स्लॅबच्या पाठीवर धरलेली असते, पण माणूस स्लॅबवर चालत नाही, फरशीवर चालतो. समजा, दोन्ही मजल्यांवर मसाला आणि फरशी मिळून अडीच इंचांचा थर येणार आहे, पायरीवर मात्र दगडासह दीडच इंच. काँक्रीटच्या पायऱ्या एकसारख्या सात इंचांच्या ओतल्या, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी सहा इंचांची उरते आणि शेवटची आठ इंचांची होते. जेथे तीन सूत फरक चालतो तेथे सोळा सूत पडतो. म्हणून जिन्याची खालची व वरची पातळी तयार फरशीची द्यावी, किंवा स्लॅबच्या पातळीपासून तेवढे अंतर वर उचलून द्यावे, आणि पायरीवरील दगडाची जाडी वेगळी नोंदवावी. असे केले की प्रणाली जे दाखवते ते प्रथमदर्शनी चुकीचे वाटते : काँक्रीटची पहिली पायरी आठ इंचांची आणि शेवटची सहा इंचांची. काँक्रीट असे असमान ओतले, तरच वरचा दगड समान बसतो.

हे आकडे छापील नकाशात मिलिमीटरमध्ये पडून राहिले तर सेंटरिंग बांधणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. पाण्याच्या नळीने दोन्ही मजल्यांची तयार पातळी जिन्याच्या भिंतीवर उतरवून घ्यावी, त्या दोन खुणांमधील अंतराचे सतरा समान भाग भिंतीवरच आखावेत, आणि प्रत्येक रेघेखाली दीड इंचावर काँक्रीटची दुसरी रेघ ओढावी. फळ्या त्या दुसऱ्या रेघेला लागतात, पहिली रेघ फरशीवाल्यासाठी राहते.