धमन्यांचा घसारा

कारखान्याच्या ताळेबंदात यंत्रांच्या घसाऱ्याची तरतूद दरवर्षी करावी लागते. ती टाळली तर काही वर्षे नफा फुगलेला दिसतो आणि मग एके दिवशी यंत्र बंद पडते. श्रमशक्ती हेच ज्यांचे मुख्य भांडवल आहे, अशा कुटुंबांच्या बाबतीत मात्र ही साधी शिस्त समाजाने अद्याप अंगी बाणवलेली नाही. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा या गावाचे उदाहरण घ्यावे. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या देहांवर येथील संसार उभे असतात. अशा घरातील कर्त्या माणसाला पन्नाशीत लकवा झाला म्हणजे औषधपाण्याचा खर्च वाढतो, त्याची मजुरी बुडते आणि शुश्रूषेसाठी घरी थांबणाऱ्या दुसऱ्या माणसाचीही बुडते. घाला अकस्मात पडला असे लोक म्हणतात. वस्तुतः बहुतेक वेळा त्याची पूर्वतयारी धमन्यांच्या भिंतींत अनेक वर्षे मूकपणे चाललेली असते.

हृदयातून निघणारी महाधमनी ही केवळ रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर ती फुगते, रक्ताचा काही भाग क्षणभर साठवते आणि हृदय विसावत असताना तो पुढे ढकलते. त्यामुळे ठोक्याठोक्याने येणारा रक्ताचा लोंढा मेंदू व मूत्रपिंडे यांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचेतो बराच संथ झालेला असतो. ही लवचिकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे येते. त्याचे तंतू प्रामुख्याने आयुष्याच्या प्रारंभीच्या काळात तयार होतात. पुढे दिवसाला सुमारे एक लक्ष ठोके सोसता सोसता ते झिजतात, तुटतात आणि भार ताठर कोलॅजेनवर पडतो. मग वरचा रक्तदाब चढतो, उतारवयात खालचा घसरू लागतो आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का नाजूक अवयवांना अधिक थेटपणे बसू लागतो.

हा ताठरपणा मोजण्याची युक्ती जुनीच आहे. नाडीची लहर लवचीक नळीतून सावकाश, तर ताठर नळीतून वेगाने जाते. या संबंधाचे गणिती सूत्र मोएन्स आणि कोर्टेवेग या डच अभ्यासकांच्या नावाने ओळखले जाते व ते १८७८ मधील आहे. मानेतील आणि जांघेतील नाडीवर संवेदक ठेवून लहर तेथे पोहोचण्याच्या वेळांतील फरक टिपला आणि त्याने अंतराला भागले की वेग मिळतो. अंतर ५० सेंटिमीटर धरले, तर सेकंदाला ६ मीटर वेगाच्या लहरीला सेकंदाचे सुमारे ८३ सहस्रांश लागतात. १० मीटर वेगाच्या लहरीला अवघे ५०. निरोगी तरुणात हा वेग ६ मीटरच्या आसपास असतो. १० मीटरच्या पुढचा वेग २०१२ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी धोक्याची खूण ठरविला. या साऱ्यात सुई नाही, छेद नाही.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने शरीरातून अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून रक्तप्रवाहाचा अंदाज घेणारी उपकरणे विकसित केली. मद्रासच्या आयआयटीत तयार झालेले ‘आर्टसेन्स’ हे यंत्र मानेतील धमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला किती हलते, हे चित्राविना, श्रवणातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ताडते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ज्याचे तत्त्व मांडले तो ऑक्सिमीटर तर २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत खेडोपाडी पोहोचला. बोटातून प्रकाश पाठविणारे तेच तंत्र नाडीच्या लहरीचा आकारही टिपते आणि त्यावरून धमनीच्या ताठरपणाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

तथापि यंत्राच्या पडद्यावर उमटलेला आकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे. ५० सेंटिमीटरच्या अंतरात फीत ५ सेंटिमीटरने चुकली, तर उत्तर १० टक्क्यांनी चुकते. मापनापूर्वी खर्रा खाल्लेला असेल, तर निकोटिनमुळे नाडी व रक्तदाब तात्पुरते चढतात आणि दाबाबरोबर लहरीचा वेगही वाढतो. काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिमीटर प्राणवायूचे प्रमाण फसवे दाखवू शकतो, हे अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासाने उघड केले. सावळ्या वर्णाच्या आणि राबून घट्टे पडलेल्या बोटांवर प्रकाशाचे कोणतेही तंत्र आधी पारखून घेतले पाहिजे, हा त्याचा धडा आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, काही उपकरणे प्रामुख्याने रुग्णाचे वय आणि रक्तदाब सूत्रात घालूनच लहरीचा वेग वर्तवितात. वय विचारून वय सांगणारे यंत्र नवे ते काय सांगणार?

मग या मापनाचा उपयोग कोणता? धमन्यांचे वार्धक्य ही केवळ पंचांगाची बाब नाही, हे त्यानेच दाखवून दिले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीजिंगचे नागरिक आणि दक्षिण चीनमधील ग्वांगझू परिसरातील ग्रामस्थ यांची तुलना करण्यात आली. मीठ कमी खाणाऱ्या ग्रामस्थांत वयाबरोबर येणारा ताठरपणा कमी आढळला. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीचा २०१२ मधील निष्कर्ष असा की, ताठरपणा आधी येतो आणि उच्च रक्तदाब मागाहून. म्हणजेच घसारा वेळीच ध्यानात आला, तर उपाय योजण्यास काही वर्षे हाती असतात.

परंतु माहितीचे मोल तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयाइतकेच असते, हा अर्थशास्त्राचा नियम येथे विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत उच्च रक्तदाब आढळला. सुदैवाने २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा यांच्याबरोबर भंडारा जिल्ह्याची निवड झाली. ठरीव औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या एकदम देणे, घराजवळच्या केंद्रात उपचार आणि प्रत्येक रुग्णाचा नोंदीनुसार पाठपुरावा, हे या उपक्रमाचे मर्म. त्याला लागते ते साधे रक्तदाबमापक आणि स्वस्त गोळ्या. ऐन रोवणीत गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागली, तर रुग्ण गोळी सोडतो, मजुरी नव्हे. अशा ठिकाणी संवेदकांचे शिबिर भरवून ‘तुमच्या धमन्या साठीच्या आहेत’ असे चाळिशीच्या शेतमजुरास सांगणे आणि पुढे काहीच न करणे, हे आरोग्यकार्य नसून निव्वळ प्रदर्शन ठरेल.

यावरून संवेदकांना विरोध करावा असे मुळीच नाही. क्रम चुकू नये, एवढेच. प्रथम गावातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला जावा आणि गोळ्यांचा पुरवठा अखंड राहावा. त्यानंतर याच नोंदींच्या आधारे, धान पिकविणाऱ्या स्त्री-पुरुषांवर नवी यंत्रे वर्षानुवर्षे पारखावीत, म्हणजे तुलनेसाठी युरोपातील कोष्टके उसनी आणावी लागणार नाहीत. ज्या तरुणांत दाब वाढण्यापूर्वीच ताठरपणा दिसेल, त्यांच्या मिठावर, तंबाखूवर आणि तपासणीवर लक्ष केंद्रित करावे. घसाऱ्याची नुसती नोंद करून कोणतेही यंत्र वाचत नाही. त्यासाठी निधी बाजूला काढावा लागतो. कोंढ्याच्या शेतमजुराच्या धमन्यांसाठी तो निधी काढण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि आधुनिक संवेदक हाती आले म्हणून ती तसूभरही कमी होत नाही.