कालचे शत्रू आज एकाच कंपनीत: हाताला काम मिळालं की शांतता टिकते का?

लोणंदच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी चक्कर मारली की एक गोष्ट लक्षात येते. बांधावरून कोर्टकचेरी सुरू असलेली भावकी असो की ग्रामपंचायतीला एकमेकांना पाडणारे गट, सगळ्यांच्या गाड्या एकाच आवारात उभ्या असतात. शेतकऱ्याला आडतदार लागतो, आडतदाराला हमाल लागतो. भांडण मिटलेलं नसतं, पण बाजार बंद पडला तर नुकसान सगळ्यांचंच आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं.

पण जिथं भांडणात बंदुका चालतात, तिथं हा हिशोब लागू होतो का? इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये हे करून बघितलं गेलंय. आणि आपल्या गडचिरोलीतही.

जेरुसलेममध्ये काय झालं?

जेरुसलेममध्ये २००४ साली 'मीट' नावाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं इथं इस्रायली आणि पॅलेस्टिनी शाळकरी मुलामुलींना कोडिंग आणि उद्योजकता एकत्र शिकवली जाते. दोन्हीकडच्या मुलांची एकच टीम करायची आणि त्यांनी मिळून एखादा व्यवसाय उभा करून दाखवायचा, अशी ही पद्धत. डिसेंबर २०२० मध्ये तर अमेरिकेनं कायदाच केला. दोन्ही समाजांना जोडणारे उपक्रम आणि पॅलेस्टिनी उद्योगांसाठी ५ वर्षांत २५ कोटी डॉलर्स द्यायचं ठरलं.

मग आला ७ ऑक्टोबर २०२३. हमासचा हल्ला झाला आणि गाझात युद्ध पेटलं. त्याआधी वेस्ट बँकमधले सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी इस्रायलच्या बाजूला कामाला जात होते, बहुतेक बांधकामावर. हल्ल्यानंतर त्यांचे परवाने बंद झाले आणि इस्रायलनं भारतातून कामगार न्यायला सुरुवात केली.

म्हणजे वर्षानुवर्षं रोजगार होता, पण परवाना द्यायचा की थांबवायचा हे एकाच बाजूच्या हातात होतं. पहिला मोठा धक्का बसला आणि तो रोजगार गेला.

गडचिरोलीत काय सुरू आहे?

गडचिरोलीत दोन्ही बाजूंची माणसं बऱ्याचदा एकाच गावातली. एका घरातला मुलगा दलममध्ये गेला, दुसऱ्या घरातला पोलिसात भरती झाला, तिसऱ्या घरातला 'खबऱ्या' ठरवून मारला गेला.

महाराष्ट्रात २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे. पण जंगलात वाढलेल्या माणसानं बंदूक खाली ठेवल्यावर करायचं काय? म्हणून गडचिरोली पोलिसांनी प्रशिक्षणावर भर दिला. आत्मसमर्पण केलेल्या महिलांच्या गटानं वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत फिनाईल बनवायचं शिकून घेतलं आणि 'क्लीन १०१' नावानं ते विकायला सुरुवात केली.

दुसरं उदाहरण चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाचं. इथं आत्मसमर्पण केलेल्यांना प्रशिक्षण देऊन नोकरी दिली गेली आणि नक्षली हिंसेत घरातलं माणूस गमावलेल्या कुटुंबांतल्या काही जणांनाही. कालपर्यंत एकमेकांच्या विरोधात असलेली माणसं आज एकाच कंपनीचा पगार घेतात.

मग प्रश्न सुटला का?

इतकं सोपं नाही. कोनसरीला लागणारं लोहखनिज येतं सुरजागडच्या डोंगरातून. डिसेंबर २०१६ मध्ये याच डोंगरावर नक्षलवाद्यांनी ७५ हून जास्त वाहनं जाळली होती. आणि खाणीला विरोध फक्त बंदूकवाल्यांचा नव्हता. जंगल आणि डोंगर जाईल म्हणून इथल्या अनेक ग्रामसभांनीही विरोध केला. ज्या कंपनीमुळे एकाला नोकरी मिळते, त्याच कंपनीमुळे दुसऱ्याला आपलं जंगल जाईल अशी भीती वाटते.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आहे. या गावानं कायद्याच्या मार्गानं लढून २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकायला लागली. इथं गावाला काम मिळालं, आणि त्यासोबत मालकीही. बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा, हे गाव ठरवतं. इस्रायलला कामाला जाणाऱ्या पॅलेस्टिनी मजुराकडे नेमकं हेच नव्हतं.

आत्ताच हे का महत्त्वाचं?

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांसमोर शस्त्रं ठेवली. आता प्रत्येकाला काम लागणार, घर लागणार, आणि ज्यांनी आपली माणसं गमावली त्यांच्या शेजारी राहायचं धाडसही लागणार.

प्रशिक्षण आणि नोकरीनं यातलं पहिलं काम होतं. पुढचं काम गावाचं म्हणणं किती ऐकलं जातं, यावर अवलंबून आहे.