नट करकचून आवळला म्हणजे प्रीलोड बसला?

सोलापूरहून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरकडे धावणाऱ्या वडापच्या गाड्या मागच्या एक्सलला क्वचितच विसावा देतात. ट्रॅक्स, क्रूझर, बोलेरो, अजून तग धरून असलेल्या जुन्या सुमो, सगळ्यांची तीच गत. ऊसतोडीचा हंगाम लागला की पिकअप आणि टेंपोही त्यांच्या जोडीला येतात. मग एके दिवशी गाडीने वेग घेतला की मागून घूं घूं असा आवाज सुरू होतो. डिफरन्शियल उतरतं, नवी बेअरिंगं पडतात आणि काही महिन्यांत तोच आवाज परत येतो. अशा वेळी खापर डुप्लिकेट मालावर फुटतं. बाजारात तसा माल आहे हे खरंच. पण अस्सल बेअरिंगही चुकीच्या मापात बसवलं तर त्याची तीच गत होते. हे माप बिघडवणारे काही समज गॅरेजांमध्ये इतके मुरले आहेत की ते एकेक करून तपासायला हवेत.

सगळ्यात चिवट समज असा, की ‘बेअरिंगला थोडा प्ले ठेवावा, नाहीतर ते तापून जाम होतं.’ हा समज आभाळातून पडलेला नाही. पुढच्या चाकाच्या हबमध्ये टेपर बेअरिंगची जोडी असते, आणि अनेक गाड्यांत तिथे नट आवळून पुन्हा किंचित सैल करतात. तिथे ते बरोबरच आहे. डिफरन्शियलमध्ये क्राऊनला फिरवणाऱ्या पिनियनचं काम मात्र वेगळं. पिनियनचे दात तिरके असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन क्राऊनपासून दूर ढकलला जातो आणि पाय उचलला की आत ओढला जातो. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर तो दर वेळी पुढे-मागे सरकणार, दातांची गाठ दर वेळी वेगळ्या जागी पडणार. आवाज तिथून सुरू होतो आणि दात सोलण्यापर्यंत जातो. म्हणून इथे बेअरिंगमध्ये प्ले तर नकोच, उलट कोन आणि कप, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या रिंगा, एकमेकांवर ठरावीक जोराने आधीच दाबलेले हवेत. हा आधीचा दाब म्हणजे प्रीलोड. तो जास्त झाला तर मात्र रोलर तापून निळे पडतात, पृष्ठभागाचे टवके उडतात, आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात भरलेल्या गाडीला त्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही.

मग प्रश्न येतो, किती दाबायचं? ‘लांब पाइप लावून नट पुरा आवळायचा, हाताला कळतं.’ हाताला कळत नाही. जीप-बोलेरोच्या आकाराच्या डिफरन्शियलमध्ये नव्या बेअरिंगांसाठी पिनियन फिरवायला लागणारा जोर साधारण 1.5 ते 3.5 न्यूटन-मीटर असा असतो. वापरलेली बेअरिंगं परत बसवली तर साधारण त्याच्या निम्मा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. उलट बेअरिंगांच्या मध्ये चेपणारा स्पेसर असेल, तर तो चेपायला नटावर 200-300 न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक जोर लावावा लागतो. एवढ्या जोरात नट ओढताना 2 आणि 4 यांतला फरक मनगट कसा ओळखणार?

मोजणं मात्र अवघड नाही. क्राऊन लावण्याआधी पिनियनच्या फ्लँजवर दोरी गुंडाळा, तिला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि सावकाश ओढा. फ्लँजची त्रिज्या 5 सेंटिमीटर असेल आणि प्रीलोड 2 न्यूटन-मीटर हवा असेल, तर काट्यावर सुमारे 4 किलो दिसायला हवेत. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, फिरत असतानाचा आकडा धरायचा. त्याआधी बेअरिंगला तेल लावून पिनियन काही वेढे फिरवून रोलर जागेवर बसवायचे. चेपणाऱ्या स्पेसरच्या बाबतीत एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी: नट थोडाथोडा आवळत दर वेळी मोजायचं, आणि आकडा पुढे गेला तर नट मागे फिरवून भागत नाही. स्पेसर एकदा चेपला की उलगडत नाही. नवाच घालावा लागतो. जुना स्पेसर पुन्हा वापरणं हीही याच कारणाने चुकीची काटकसर आहे.

काही डिफरन्शियलमध्ये स्पेसर कडक असतो आणि प्रीलोड शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरवतात. तिथे ‘शिम वाढवली की टाइट होतं’ हा समज थेट उलटा पडतो. पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली शिम त्यांच्या आतल्या रिंगा दूर ठेवते, म्हणून ती जाड केली की प्रीलोड घटतो आणि पातळ केली की वाढतो. क्राऊनच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगच्या बाहेरून शिम असतील, तर तिथे मात्र वाढवली की खरंच टाइट होतं. तिसरी शिम पिनियनच्या डोक्यामागची. तिचा प्रीलोडशी संबंध नाही. पिनियन क्राऊनच्या किती जवळ जाणार हे ती ठरवते. तिघींना एकाच नावाने हाक मारली जाते, म्हणून घोळ होतो.

‘जुन्याच शिम परत टाकल्या की काम झालं’ हे अर्धं खरं आहे. क्राऊन-पिनियन तेच असेल आणि फक्त बेअरिंग बदललं असेल, तर डोक्यामागची जुनी शिम हीच सुरुवात. नवा जोड असेल तर हाउसिंग तेच राहिलं तरी पिनियन वेगळा असतो. अनेक कंपन्या तो मूळ मापापेक्षा किती कमी-जास्त आहे हे त्याच्या तोंडावर कोरतात. हे फरक मिलिमीटरच्या शतांशात असतात. माणसाचा केस साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाड असतो. इथे त्याच पट्टीत हिशेब चालतो. म्हणून शिम मायक्रोमीटरनेच मोजायची, बोटांनी चाचपून नाही. ज्या सोलापुरात 1992 साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी कंपनी जगभरातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पाठवते, तिथे मायक्रोमीटर आणि डायल गेज ही परकी हत्यारं नाहीत. ती एमआयडीसीतून गॅरेजच्या टेबलावर यायला हवीत, एवढंच. आणि क्राऊन व पिनियन जोडीनेच घासून बनवलेले असतात, तेव्हा एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन हा संसार कोणतीही शिम टिकवू शकत नाही.

शेवटचा समज: ‘हाताने हलवून प्ले बरोबर वाटला, म्हणजे झालं.’ इथला प्ले म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, बॅकलॅश; तो डायल गेजने मोजतात. अशा गाड्यांत तो बहुधा 0.15 ते 0.25 मिलिमीटर असतो. तो बदलण्यासाठी एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे प्रीलोड हलत नाही. पण बॅकलॅश बरोबर येऊनही पिनियनची खोली चुकलेली असू शकते. त्याची साक्ष दातांवरचा रंग देतो. क्राऊनच्या काही दातांना मार्किंगचा रंग लावायचा, क्राऊनला थोडा अडसर ठेवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा आणि ठसा पाहायचा. ठसा दाताच्या टोकाकडे आला तर पिनियन दूर आहे, डोक्यामागची शिम जाड हवी. मुळाकडे आला तर पिनियन फार आत गेला आहे, शिम पातळ हवी. हे पाहायला अर्धा तास जातो, कधी दोन-तीनदा सगळं खोलावंही लागतं, आणि नेमकं तेच घाईत वगळलं जातं. दात गेलेल्या जोडाचा आवाज प्रीलोड वाढवून दाबायला गेलात, तर जोड तसाच राहतो आणि बेअरिंगही जातं.

गाडी ताब्यात घेताना मिस्त्रींकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: पिनियन फिरवायचा जोर, बॅकलॅश आणि प्रत्येक शिमची जाडी. दातांवरच्या ठशाचा मोबाइलवर फोटोही घ्या. नवा जोड असेल तर पहिल्या 15-20 किलोमीटरनंतर थांबून डिफरन्शियल गार होऊ द्या, पहिले काही शे किलोमीटर भार कमी ठेवा आणि मग तेल बदला. तेल नव्वद नंबरचं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. अशा हायपॉइड दातांना सहसा जीएल-5 दर्जाचं लागतं, तेव्हा डब्यावर ती खूण शोधा.